शेवटच्या चार ओळी

रेकॉर्डिंग करायचं म्हणजे आधी फ्रिजचा प्लग काढायचा, हा आसावरीचा पहिला नियम. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं ते छोटं अपार्टमेंट तिनं आणि अस्मितानं मिळून घेतलं होतं, आणि त्यातला फ्रिज असा घरघरायचा की माइकवर बोलणाऱ्याच्या मागे कोणी म्हातारा घोरत पडलाय असं वाटावं. अस्मिता केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेली की प्लग निघायचा आणि परत लावायचा मात्र राहून जायचा. अस्मिताचं दूध नासलं, दही आंबून वर आलं, एकदा तर फ्रीझरमधला बर्फही वितळून किचनभर सांडला. शेवटी तिनं फ्रिजच्या दारावर ‘आधी प्लग, मग कला’ असं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं. कलेची इतकी नेमकी समीक्षा त्या घरात पुन्हा झाली नाही.

आसावरी नागपूरची. तिथे इंजिनिअरिंग करता करता ती पेटी वाजवायची, म्हणजे साथीला बसायची. गाण्याच्या कार्यक्रमात गायिकेच्या बाजूला जी मुलगी मान खाली घालून बसलेली असते आणि जिचं नाव निवेदक सगळ्यात शेवटी, तेही चुकवून घेतो, ती मुलगी म्हणजे आसावरी. शाल गायिकेला, नारळ निवेदकाला आणि हिला ‘छान सांभाळून घेतलंस हं!’ या सांभाळून घेण्याचा तिला मनापासून वीट आला होता. अमेरिकेत ती आवाजाच्या शास्त्रात पीएचडी करायला आली. विषय होता, भिंतीतून आवाज कसा गळतो. गाइड प्रत्येक प्रकरण लाल करून परत पाठवत होता आणि भिंतीही गळायचं थांबत नव्हत्या.

अशात तिला रॅपचा नाद लागला. कॅम्पसच्या बसमध्ये शेजारच्या पोराच्या हेडफोनमधून जे ठणठण गळत होतं (तिचा विषयच तो), ते तिनं घरी येऊन शोधून काढलं, आणि मग तिला कळलं की या गाण्यात साथ आधी असते. आधी कोणी तरी एकटा बसून बीट तयार करतो, त्याला प्रोड्युसर म्हणतात. रॅपर मागाहून येतो आणि त्या बीटवर शब्द मांडतो. वर पुन्हा त्यानं दहा वेळा म्हटलेल्यातलं कुठलं ठेवायचं, कुठलं फेकायचं, कुठला श्वास कापायचा, हेही प्रोड्युसरच ठरवतो. गवयानं काय म्हटलं हे पेटीवालीनं ठरवायचं! आसावरीला नुसत्या कल्पनेनंच गुदगुल्या झाल्या. तिनं एक जुना कीबोर्ड घेतला, एक बऱ्यापैकी माइक घेतला, कपड्यांच्या कपाटात तिन्ही बाजूंनी दुलया टांगल्या आणि झाला स्टुडिओ.

आता फक्त रॅपर हवा होता, तो तिला फिजिक्सच्या लॅबमध्ये मिळाला. ती तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रयोग शिकवायची. ईशान रिसबूड त्यांच्यातलाच एक. जन्म इथलाच, घर व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला, आईवडील पुण्याचे. मराठी कळायची सगळी, बोलताना मात्र अर्धं इंग्रजी आणि उरलेल्याचं लिंग बदललेलं. लॅबमधली टीचर मराठी आहे हे कळल्यावर आईनं फोनवर बजावलं होतं, म्हणून तो हिला ‘ताई’ म्हणायचा. रॅप करताना त्याचं नाव ‘यंग रिस’ असायचं. हा यंग रिस पिस्तुलं, पोलीस आणि गल्लीतले खून यांच्यावर तावातावानं बोलायचा. ज्याच्या हातात पाण्याच्या पिचकारीपलीकडे कधी काही आलं नव्हतं आणि ज्याच्या गल्लीत खून सोडा, कोणी गवतसुद्धा वाढू देत नव्हतं, अशा पोरानं हे बोलायचं आणि आसावरीनं मान डोलवत ते रेकॉर्ड करायचं, असं एक अख्खं सेमिस्टर चाललं. गाणी कशी होती म्हणाल, तर जशी असायला हवी तशीच, म्हणजे टुकार.

फेब्रुवारीतली गोष्ट. आसावरीकडे एक जुनी गाडी होती, भारतात परत गेलेल्या एका सीनियरकडून घेतलेली. दार उघडं राहिलं की ती टिंग, टिंग, टिंग अशी कुरकुरायची. आसावरीनं तो आवाज रेकॉर्ड केला, संथ केला, खाली एक जड ढोल ठेवला, मध्ये रिकामी जागा सोडली. ईशान दुपारी आला तेव्हा तिनं ती बीट लावली आणि नेहमीसारखी त्याची बडबड सुरू व्हायची वाट बघत बसली.

बडबड म्हणजे खरोखरच बडबड. ते दोघं काम करायचे ते असं: रॅपर आधी शब्द लिहीत नाही. बीट परत परत वाजत राहते आणि तो तिच्यावर नुसतं ‘डा डा ना, डा ना’ असं काही तरी बरळत राहतो. बोलायला न लागलेलं मूल जसं सुरात बडबडतं ना, तसं. जोर कुठे पडतो, दम कुठे घ्यायचा, हे एकदा सापडलं की मग त्या मापात शब्द बसवायचे. पण त्या दिवशी ईशान बरळलाच नाही. तो कार्पेटवर भिंतीला टेकून बसला आणि त्या टिंग टिंगकडे बघत राहिला, म्हणजे स्पीकरकडे. बऱ्याच वेळानं त्याच्या तोंडून, ठेक्यात चपखल बसलेलं, निघालं ते मराठीच: “आईला सांगू नकोस.”

“हे काय?” आसावरीनं विचारलं.

“नथिंग. बाबा म्हणाले होते वन्स.”

“परत म्हण.”

त्यानं परत म्हटलं. तिनं ढोलाचा एक ठोका पुढे सरकवला, परत म्हणायला लावलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. गाण्याचं ध्रुवपद, ज्याला हे लोक हुक म्हणतात, ते सापडलं होतं. त्याचा अर्थ काय, हे तिनं त्यानंतर विचारलं.

ईशाननं तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याच्या वडिलांची नोकरी गेली होती. विनय रिसबूड मोठ्या हुद्द्यावर होते, मराठी मंडळात वजन होतं, आणि व्हिसा नोकरीवरच टांगलेला. नोकरी गेली की देशात राहायचा हक्कही गेला. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. रोज सकाळी टाय लावून गाडी घेऊन बाहेर पडायचे. एका दुपारी शाळेतून लायब्ररीत आलेल्या ईशानला पार्किंगमध्ये बाबांची गाडी दिसली. बाबा आत सीट मागे करून झोपलेले, टाय तशीच. त्यानं काचेवर टकटक केली. बाबांनी दार उघडलं, गाडी टिंग टिंग करायला लागली, आणि बाबा डोळे चोळत पहिलं वाक्य बोलले ते हे. पुढे काही महिन्यांनी दुसरी नोकरी लागली, कागदपत्रं कशीबशी सावरली, सगळं सुरळीत झालं. आईला आजतागायत माहीत नव्हतं.

“यू नो, मी नाही सांगितलं. कधीच,” ईशान म्हणाला. त्यात थोडा अभिमान होता आणि पुष्कळसं दुसरं काही तरी.

“लिही,” आसावरी म्हणाली. “हेच लिही. पिस्तुलं पुरे झाली.”

त्यानं लिहिलं. पार्किंग, टाय, काचेवरचं धुकं, रात्री जेवताना ‘आज ऑफिसात काय झालं’ म्हणून बाबांनी रचून सांगितलेल्या गमती आणि त्यांना हसणारी आई. इंग्रजीत, साधं, न ओरडता. कडवं सोळा ओळींचं असतं, बाराच ओळी झाल्या. शेवटच्या चार नंतर बघू म्हणून तो हेडफोन घालून कपाटात शिरला, दार ओढून घेतलं; बाहेरून आसावरी बोललेलं त्याला त्यातूनच ऐकू यायचं. आसावरीनं बीट सोडली.

बारा ओळी झाल्या आणि तो थांबला नाही. कागदावर नसलेल्या चार ओळी आपसूक आल्या. त्याच हिवाळ्यात पुण्याहून फोन आला, आजी हॉस्पिटलमध्ये. आईनं कपाटावरून बॅग काढली. बाबा म्हणाले, वकील सांगतोय की ग्रीन कार्डचं काम चालू आहे, आत्ता देशाबाहेर गेलीस तर परत येता येणार नाही. आईनं बॅग परत वर ठेवली. आजीला अग्नी दिला तेव्हा आई इथे फोन कानाला लावून उभी होती, आणि वकील कोणी नाहीच, हे माहीत असलेला मी जिन्यात उभा होतो. शेवटच्या ओळीत त्याचा आवाज फाटला. ठेका मात्र सुटला नाही.

हातात आयुष्यात एखादाच असा टेक येतो, हे आसावरीला हेडफोन काढायच्या आत कळलं होतं.

ईशान बाहेर आला, नळाचं पाणी प्याला आणि पाठमोराच म्हणाला, “ताई, ते लास्टचं काढ. आजीचं पार्ट. मला ते नाही पाहिजे.”

“अरे, पण तेच तर—”

“प्लीज. काढ.”

“काढते,” आसावरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसऱ्या चार ओळी म्हटल्या: व्हर्जिनियाचा हिवाळा, लांब रस्ता, असं काहीबाही. तिनं त्या जोडल्या आणि तेच गाणं पोरांत फिरलं. फिरलं म्हणजे चांगलं डोक्यावर घेतलं गेलं. डॉर्मच्या पार्ट्यांमध्ये गोरी-काळी पोरं मान हलवत ‘आयला सांगू नाकोस’ म्हणून ओरडायची, अर्थ कोणाच्या बापाला माहीत नव्हता. ईशानला तेच हवं होतं. जे बोलायचं ते चारचौघांत मोठ्यानं बोलायचं आणि कोणालाही कळू द्यायचं नाही, ही त्याची सोय. आसावरी मात्र कुढत होती. ज्या गाण्याला लोक वा वा करत होते ते तिच्या लेखी शेपूट तोडलेलं गाणं होतं. अख्खं गाणं तिच्या कॉम्प्युटरमध्ये पडून होतं. ती ते काढून एकटीच ऐकायची. तिनं ते पुसलं नव्हतं.

मार्चमध्ये अ‍ॅशबर्नहून रत्नाकाकूंचा फोन आला. या तिथल्या मंडळाच्या सांस्कृतिक सचिव. आपला ईशान मराठीत रॅप करतो असं कोणाच्या तरी मुलीनं सांगितलं होतं, आणि रत्नाकाकूंना नव्या पिढीला मंचावर आणायची घाई झाली होती. पाडव्याच्या कार्यक्रमात एक आयटम हवाच! ईशान सरळ नाही म्हणेल असं आसावरीला वाटलं होतं. तो हो म्हणाला.

त्यानं कडवी नवीन लिहिली, विनोदी. आईच्या चोरून पेपरोनी पिझ्झा खाल्ला, केमिस्ट्रीत सी मिळाला, कपडे महिना महिना धुतले नाहीत, आणि दर कडव्यानंतर ‘आईला सांगू नकोस’. मंडळाला हसून हसून मुरकुंडी वळणार, हे उघड होतं.

“मग हे हुक तरी कशाला ठेवतोस? दुसरं करू,” आसावरी म्हणाली.

“नाही. बाबा असतील ना तिथे. ते ऐकतील,” ईशान म्हणाला. “ओन्ली ही विल नो.”

एवढंच त्याला हवं होतं. भरल्या हॉलमध्ये सगळे हसत असताना एका माणसाला हसू येऊ नये. चार वर्षं गिळलेल्या गोष्टीचा त्यानं केवढासा मोबदला मागितला होता, आणि तो त्याला मिळायला काहीच हरकत नव्हती.

आसावरीनं कार्यक्रमासाठी सीडी बनवली. पहिल्या ट्रॅकवर नुसती बीट आणि हुक. कडवी तो स्टेजवर म्हणणार. माइकचा भरवसा नसतो, म्हणून अशा सीडीवर आवाजासकट पूर्ण गाणंही ठेवायची पद्धत असते. वेळ आलीच तर ते लावायचं आणि रॅपरनं नुसते ओठ हलवायचे. दुसऱ्या ट्रॅकवर विनोदी गाणं ठेवायला हवं होतं. त्याचं रेकॉर्डिंग करायला एक दुपार पुरली असती. ते राहिलं, वेळ नव्हता, वगैरे. आसावरीनं तिथे ते पहिलं, अख्खं गाणं टाकलं. लागणार थोडंच आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर, ते गाणं एखाद्या सीडीवर, कुठे तरी, हॉलच्या जवळपास असावं, असं तिला फार वाटत होतं.

दोघं तिच्याच गाडीनं अ‍ॅशबर्नला गेली. कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पैठण्या, मोगऱ्याच्या प्लास्टिकच्या वेण्या, बाहेर मसालेभाताचा वास. विनयकाका रेशमी कुर्त्यात, हसतमुख, ट्रायपॉडवर कॅमेरा लावून सज्ज. “या या, म्युझिक डायरेक्टर!” म्हणून त्यांनी आसावरीचं स्वागत केलं. ईशानच्या आईनं, शोभनाकाकूंनी, तिच्या पाठीवरून हात फिरवला. “ईशान सारखं तुझं नाव घेतो गं. लांब राहतो, पण कोणी तरी आपलं आहे म्हणून मला घोर नाही.” त्या एका फार्मसीच्या काउंटरवर काम करायच्या, तिथून सुट्टी काढून सकाळपासून पुऱ्या लाटत होत्या. आसावरीची रात्रीची बॅग त्यांच्याच घरी ठेवली होती.

मग निवेदक आले. त्यांनी ईशानचं शिक्षण सांगितलं, आईवडिलांचं कौतुक केलं, रॅप म्हणजे काय ते चुकीचं समजावलं, आणि शेवटी म्हणाले, “साउंड बघताहेत ईशानच्या एक मैत्रीण.” नाव नाही. नागपूर काय नि अ‍ॅशबर्न काय! आसावरी कोपऱ्यातल्या टेबलामागे मान खाली घालून बसली होती. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

पहिलं कडवं झकास गेलं. पिझ्झाला हशा पिकला. हुक आलं, दुसऱ्यांदा म्हणताना लोकांनीच ते उचललं, छोटी पोरं नाचायला लागली. आसावरीनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. विनयकाकांच्या तोंडावरचं हसू होतं तसंच होतं, पण ते आता कोणासाठी नव्हतं. ईशाननं तेवढ्यासाठी डोळे तिकडे लावले होते. त्याला दिसलं. त्याचं काम झालं होतं.

दुसऱ्या कडव्यात माइक गेला. ईशानचे ओठ हलताहेत, आवाज नाही. त्यानं माइक झटकला, त्यावर टिचक्या मारल्या. रत्नाकाकू दुसरा माइक घेऊन धावल्या, तो त्याहून मेलेला. बीट आपली एकटीच वाजत होती, टिंग, टिंग. मागून कोणी तरी टाळ्या वाजवून थट्टा सुरू केली. कोणी तरी म्हणालं, साउंडवाली बाई झोपली काय?

ईशाननं तिच्याकडे पाहिलं आणि गळ्यावरून हात आडवा फिरवला. बंद कर. दोनदा फिरवला. तिला स्वच्छ कळलं.

आसावरीनं दुसरा ट्रॅक लावला. त्या क्षणी तिच्या मनात काय आलं तेही सांगायला हवं. इतकं भराभर इंग्रजी या काका-काकूंना कुठे कळणार, हे आलं. सगळे फक्त ठेका ऐकतील, हे आलं. आणि एकदा, एकदाच, ते अख्खं गाणं मोठ्या हॉलमध्ये भरून वाजेल, हे सगळ्यात आधी आलं.

ईशानचा आवाज हॉलमध्ये उमटला तेव्हा ईशान स्टेजवर मेलेला माइक हातात धरून उभा होता. त्याला ओठ हलवता आले असते. त्यानं हलवले नाहीत. लोकांना वाटलं, ही स्टाइल आहे. आधी गप्प झाली ती पुढच्या रांगेतली, इथे जन्मलेली मोठी मुलं. त्यांना शब्द कळत होते. मोठी माणसं मात्र खूश होऊन मांडीवर ताल धरत होती, आणि हुक आलं तसं सगळ्यांनी हौसेनं म्हटलं, “आईला सांगू नकोस!” एका काकांनी तर शोभनाकाकूंकडे वळून, बोट नाचवत म्हटलं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या काकूही ताल धरून होत्या. दिवसभर काउंटरवर लोकांचं घाईघाईचं इंग्रजी ऐकणाऱ्या बाईला आपल्याच पोराचं इंग्रजी का कळणार नाही? पार्किंगची ओळ आली आणि त्यांचे हात हळू झाले. टायची आली, थांबले. मग शेवटच्या चार ओळी आल्या.

विनयकाकांनी कॅमेरा बंद केला नाही. ते वाकून त्यातून बघत राहिले, कारण मान वर केली असती तर तिसऱ्या रांगेकडे बघावं लागलं असतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. “काय आवाज होता हो, अंगावर आलं!” रत्नाकाकू म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा आसावरीनं आपल्या गाण्याला पडलेल्या टाळ्या ऐकल्या. खोटं कशाला बोला, त्या टाळ्या थांबेपर्यंत ती सुखात होती.

ईशान मागच्या दारानं खाली उतरला आणि तिच्या टेबलापाशी आला. “मी बंद कर म्हटलं होतं. तू बघितलंस. यू लुक्ड राइट अ‍ॅट मी.”

“माइक गेला होता, ईशान. मी सांभाळून घेतलं,” आसावरी म्हणाली. “लोकांना आवडलं रे.”

तो वळला. शाळेच्या पार्किंगमधून कोणाच्या तरी गाडीत बसून निघून गेला.

घरी आसावरी बॅग घ्यायला पोचली तेव्हा ईशान वर खोलीत होता आणि दार आतून बंद होतं. विनयकाका मंडळाची पातेली परत करायला म्हणून गेले ते आलेच नव्हते. शोभनाकाकू स्वयंपाकघरात, पैठणीवर जुना एप्रन बांधून, उरलेल्या पुऱ्या कागदावर मांडत होत्या. त्यांनी आसावरीला बस म्हटलं. चहाही टाकला.

“त्या वकिलाला मी चार वर्षं शिव्या दिल्या,” त्या म्हणाल्या. “रोज, आंघोळ करताना. आईचे दिवस इथे केले तेव्हाही दिल्या. काळा की गोरा, कसा दिसतो, काही ठाऊक नव्हतं, तरी मी त्याचा चेहरा बनवला होता मनात. चष्मा घातला होता त्याला.” पुऱ्या मांडून झाल्या, तरी त्यांचे हात कागद सरळ करत राहिले. “आणि तो नव्हताच.”

“काकू, मला माफ करा.”

“तुला कधी कळलं?”

“फेब्रुवारीत. रेकॉर्ड केलं तेव्हा.”

“म्हणजे मघाशी मी पाठीवर हात फिरवला, तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“तू ते गाणं किती वेळा ऐकलं असशील?”

“पुष्कळ वेळा, काकू. कापाकापी करताना परत परत ऐकावंच लागतं.”

शोभनाकाकूंनी चहा गाळला, तिच्यापुढे ठेवला. स्वतःसाठी घेतला नाही. विचारताना त्यांचा आवाज अगदी साधा होता.

“शेवटी तो रडतोय ना त्यात? मला कळतं ते. लहानपणापासून तसाच रडतो, आवाज न करता.”

“हो.”

“तू तिथेच होतीस?”

“कपाटाच्या बाहेर. हेडफोन लावून.”

“मग तू काय केलंस?”

आसावरीला खोटं बोलता आलं असतं. पाणी दिलं, जवळ घेतलं, थांब म्हटलं, यांतलं काहीही चाललं असतं, वर खोलीत बसलेल्या मुलानंही कदाचित खोडून काढलं नसतं. पण समोरच्या बाईनं एका दिवसात ऐकायचं तेवढं खोटं ऐकून घेतलं होतं.

“आवाज लहान येत होता,” ती म्हणाली. “मी त्याला माइकच्या जवळ यायला सांगितलं.”

शोभनाकाकूंनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. पाहुणीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी फळीवरून स्टीलचा डबा काढला, त्यात पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड भरलं, वर झाकण दाबलं. मग थांबल्या. झाकण परत काढलं. सिंकखालून दह्याचा एक रिकामा प्लास्टिकचा डबा घेतला, सगळं त्यात ओतलं, आणि तो आसावरीच्या पुढ्यात सरकवला.

“हा घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “हा परत करायला यावं लागत नाही.”